आयसीयूमधले लॅक्टेट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांचे माणूस आयसीयूत आहे असे नातेवाईक आणि आयसीयूत नव्याने काम करू लागलेले डॉक्टर, नर्स रक्तातल्या लॅक्टेटबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न बहुतेक नातेवाइकांचे आहेत, पुढचे हळूहळू तांत्रिक होत जातात. तुमच्या पेशंटबद्दलचा निर्णय त्याला तपासणारे डॉक्टरच घेऊ शकतात. त्यांच्याशी नीट बोलता यावे, एवढ्यासाठी ही माहिती आहे.

१. लॅक्टेट म्हणजे नेमकं काय? ते विषारी असतं का?

विषारी नाही. पेशी साखरेपासून ऊर्जा मिळवतात तेव्हा मधल्या टप्प्यावर पायरुव्हेट तयार होते आणि त्यातल्या काही भागाचे लॅक्टेट होते. निरोगी माणसाच्या शरीरात रोज साधारण १३०० ते १५०० मिलिमोल लॅक्टेट तयार होते आणि जवळपास तितकेच वापरले जाते. यातला मोठा वाटा यकृत उचलते आणि त्याची पुन्हा साखर बनवते. कार्ल आणि गर्टी कोरी या शास्त्रज्ञ दांपत्याने हे चक्र उलगडले, म्हणून त्याला कोरी चक्र म्हणतात. मूत्रपिंडेही लॅक्टेट वापरतात. हृदयाचा स्नायू आणि मेंदू तर ते इंधन म्हणून जाळतात.

रिपोर्टमध्ये दिसते ती तयार झालेल्या आणि वापरल्या गेलेल्या लॅक्टेटमधली शिल्लक. एवढे लक्षात ठेवलेत तर पुढची बरीच उत्तरे सोपी जातील.

२. नॉर्मल किती असतं? आमच्या रिपोर्टवर १८ लिहिलंय आणि नेटवर ४ च्या वर म्हणजे धोका असं वाचलं.

आधी आकड्याशेजारचे एकक पाहा. लॅक्टेट दोन एककांत लिहिले जाते: मिलिमोल प्रति लिटर आणि मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. पहिल्यातला १ म्हणजे दुसऱ्यातले साधारण ९. तुमचे १८ जर मिलिग्रॅममध्ये असतील तर ते मिलिमोलमध्ये २ होतात, म्हणजे नॉर्मलच्या वरच्या काठावर. तेच १८ मिलिमोल असतील तर परिस्थिती अत्यंत गंभीर आहे. फोनवर नुसता आकडा ऐकून घाबरलेले नातेवाईक मी खूप पाहतो, म्हणून हे इतके ठासून लिहितो आहे.

विश्रांतीत असलेल्या मोठ्या माणसाचे लॅक्टेट सहसा २ मिलिमोलच्या खाली असते. २ ते ४ ही मध्यम वाढ, ४ किंवा त्याहून जास्त ही लक्षणीय वाढ मानतात. या पानावर पुढे सगळीकडे मिलिमोल प्रति लिटर हेच एकक वापरले आहे.

३. एलडीएच आणि लॅक्टेट एकच का?

नाही. एलडीएच हे एंझाइम आहे. पायरुव्हेट आणि लॅक्टेट यांची एकमेकांत अदलाबदल तेच घडवते, म्हणून नावात साम्य आहे. पेशी फुटल्या की रक्तातले एलडीएच वाढते आणि त्याचे आकडे शेकड्यांत असतात. 'लॅक्टेट ४५०' असे कोणी सांगितले तर तो जवळजवळ नक्कीच एलडीएचचा रिपोर्ट असतो.

४. गंभीर आजारात लॅक्टेट वाढतं ते ऑक्सिजन कमी पडल्यामुळेच ना?

पुष्कळदा तसे असते, पण नेहमी नाही. या विषयातला सर्वांत चिवट गैरसमज हाच आहे.

मोठा रक्तस्राव, हृदयाचा झटका येऊन पंप कमजोर होणे, हृदय बंद पडणे अशा प्रसंगी अवयवांपर्यंत पुरेसे रक्त पोहोचत नाही. पेशींना ऑक्सिजनशिवाय काम भागवावे लागते आणि पायरुव्हेटची वाट लॅक्टेटकडे वळते. १९७६ मध्ये कोहेन आणि वुड्स यांनी केलेल्या वर्गीकरणात हा 'ए' प्रकार. ऑक्सिजनचा तुटवडा दिसत नसताना होणारी वाढ हा 'बी' प्रकार.

प्रत्यक्ष पेशंटमध्ये मात्र हे दोन्ही अनेकदा एकत्र असतात. सेप्सिस घ्या, म्हणजे जंतुसंसर्गाला शरीराने दिलेल्या बेताल प्रतिसादातून अवयव बिघडणे. जंतुसंसर्गाशी झुंजताना शरीर भरपूर अ‍ॅड्रिनलिन सोडते. त्याने स्नायूंमधले साखरेचे विघटन इतके वेगाने होते की ऑक्सिजन हजर असूनही पायरुव्हेट साचते आणि लॅक्टेट वाढते. त्याच वेळी सूक्ष्म रक्तवाहिन्यांतला प्रवाह बिघडलेला असतो, काही पेशींच्या ऊर्जाकेंद्रांचे काम मंदावलेले असते आणि यकृताची लॅक्टेट उचलण्याची ताकद घटलेली असते. त्यामुळे 'लॅक्टेट ५ आहे, ऑक्सिजन वाढवा' असे सरळ गणित इथे चालत नाही. मॉनिटरवर ऑक्सिजन ९९ टक्के दिसत असतानाही लॅक्टेट ८ असू शकते.

मग ज्याचा उगम इतका मिश्र आहे, त्याला धोक्याची खूण का मानायचे? कारण यातली कोणतीही वाट असली तरी शरीरावर मोठा ताण आहे, हे त्यातून कळते.

५. वडिलांचं लॅक्टेट ६ आहे. वाचण्याची शक्यता किती टक्के?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, आणि फक्त ६ या आकड्यावरून त्याचे प्रामाणिक उत्तर देता येत नाही. काय सांगता येते आणि काय नाही, ते मात्र नीट सांगतो.

लॅक्टेट आणि मृत्यू यांचा संबंध जुना आहे. १८४३ मध्ये जर्मनीत योहान योझेफ शेरर यांनी बाळंतज्वराने दगावलेल्या स्त्रियांच्या रक्तात लॅक्टिक आम्ल सापडल्याची नोंद केली. १९६४ मध्ये ब्रोडर आणि वाइल यांनी शॉकमधल्या (म्हणजे बीपी कोसळून अवयवांना पुरेसे रक्त न मिळणाऱ्या) पेशंटमध्ये जादा लॅक्टेट आणि मृत्यू यांचे नाते मांडले. त्यानंतरच्या अभ्यासांत हा संबंध पुन्हा पुन्हा दिसला आहे.

२००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इमर्जन्सी विभागात आलेले तीव्र सेप्सिसचे ८३० प्रौढ पेशंट होते. ज्यांना शॉक नव्हता त्यांच्यात लॅक्टेट २ च्या खाली असेल तर २८ दिवसांतला मृत्युदर साधारण ९ टक्के, २ ते ४ च्या दरम्यान असेल तर १६ टक्के आणि ४ किंवा जास्त असेल तर ३२ टक्के होता. शॉक असलेल्यांत हेच आकडे साधारण १५, ३७ आणि ४७ टक्के होते.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचायला हवेत. लॅक्टेट वाढते तसा धोका वाढतो, हे स्पष्ट आहे. पण सर्वांत वाईट गटातही, म्हणजे शॉक आणि लॅक्टेट ४ च्या वर असतानाही, निम्म्याहून थोडे जास्त पेशंट २८ दिवसांनंतर जिवंत होते. तुमचे वडील त्यातल्या कुठल्या बाजूला आहेत, हे आकडा सांगत नाही. वय, आधीचे आजार, किती अवयव थकले आहेत, संसर्गाचे मूळ काढून टाकता येण्यासारखे आहे का, योग्य अँटिबायोटिक किती लवकर सुरू झाले, या सगळ्यावर ते ठरते. आणि पुढचे लॅक्टेट किती येते, यावरही (प्रश्न ६).

६. दर दोन-चार तासांनी रक्त का काढतात? एकदा कळलं की वाढलंय, मग पुन्हा पुन्हा कशाला?

पहिला आकडा पेशंट कुठे उभा आहे ते दाखवतो. तो कुठल्या दिशेने चालला आहे, हे दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्यातून कळते. मला विचाराल तर लॅक्टेट सकाळी ८, दुपारी ५ आणि संध्याकाळी ३ असलेला पेशंट हा सकाळी ३, दुपारी ४ आणि संध्याकाळी ५ असलेल्या पेशंटपेक्षा कमी काळजीचा.

याला आधार आहे. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गंभीर जखमी झालेल्या ७६ जणांचे लॅक्टेट पाहिले गेले. ज्या २७ जणांचे २४ तासांत नॉर्मल झाले ते सगळे वाचले. ज्या २२ जणांचे ४८ तासांतही नॉर्मल झाले नाही, त्यांच्यातले फक्त ३ वाचले. सेप्सिसमध्ये २००४ च्या अभ्यासात पहिल्या ६ तासांत लॅक्टेट जितके जास्त उतरले तितकी मृत्यूची शक्यता कमी होती: दर १० टक्के उताऱ्यामागे सुमारे ११ टक्के कमी. नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पहिले ८ तास दर २ तासांनी लॅक्टेट २० टक्क्यांनी उतरवण्याचे लक्ष्य ठेवून उपचार केले गेले. पेशंटमधले सुरुवातीचे फरक हिशेबात धरल्यावर त्या गटात मृत्यू कमी आढळले.

लॅक्टेट उतरण्याला आयसीयूत 'क्लिअरन्स' म्हणतात. शब्द सोयीचा आहे, पण आकडा उतरतो तो दोन कारणांनी: तयार होणे कमी झाले म्हणून, किंवा यकृताने पुन्हा उचलायला सुरुवात केली म्हणून. दोन्ही चांगलीच लक्षणे.

बाहेर बसलेल्या नातेवाइकांनी डॉक्टरांना विचारण्याजोगा प्रश्नही हाच: 'मागच्या वेळेपेक्षा कमी झालंय का, आणि वाढण्याचं कारण सापडलंय का?' नुसते 'किती आहे?' विचारून मिळणाऱ्या उत्तराने रात्रीची झोप उडते, कळत काहीच नाही.

७. बीपी चांगलं आहे, पेशंट बोलतोय, तरी लॅक्टेट ४.५ म्हणून आयसीयूत हलवलं. गरज होती का?

होती. रक्तदाब हा उशिरा कोसळणारा आकडा आहे. शरीर त्वचेच्या, आतड्यांच्या, स्नायूंच्या रक्तवाहिन्या आकसून बराच वेळ बीपी टिकवून धरते, विशेषतः तरुण पेशंटमध्ये. अशा वेळी वरून सगळे ठीक दिसते आणि आतले अवयव उपाशी असतात. याला छुपा शॉक म्हणतात. प्रश्न ५ मधला आकडा पुन्हा पाहा: शॉक नसताना लॅक्टेट ४ च्या वर असलेल्यांत २८ दिवसांतला मृत्युदर साधारण ३२ टक्के होता. पेशंट बोलतो आहे तोवरच हलवले, हे चांगलेच झाले.

८. मग लॅक्टेट नॉर्मल आलं म्हणजे धोका टळला का?

नाही. २०१६ च्या सेप्सिस-३ व्याख्येनुसार पुरेसे सलाइन देऊनही सरासरी रक्तदाब ६५ वर ठेवायला औषध लागत असेल आणि शिवाय लॅक्टेट २ च्या वर असेल, तर त्याला सेप्टिक शॉक म्हणायचे. या गटातला रुग्णालयीन मृत्युदर ४० टक्क्यांहून जास्त आहे. बीपीची औषधे चालू आहेत पण लॅक्टेट नॉर्मल आहे, असे पेशंट या व्याख्येत बसत नाहीत. त्यांचा धोका तुलनेने कमी असतो, पण ते आजारी नाहीत असा याचा अर्थ नव्हे.

पोटाच्या आजारात विशेष सावध राहावे लागते. आतड्याचा रक्तपुरवठा तुटला की सुरुवातीच्या तासांत लॅक्टेट नॉर्मल असू शकते, कारण आतड्यातून निघालेले रक्त आधी यकृतातून जाते आणि यकृत ते उचलून घेते. पोटात असह्य दुखते आहे आणि तपासताना पोट मऊ लागते, अशा पेशंटमध्ये लॅक्टेट वाढण्याची वाट पाहत सीटी स्कॅन लांबवणे धोक्याचे.

९. एका तासात दोन रिपोर्ट आले, एकात ३.८ आणि दुसऱ्यात २.४. कुठला खरा?

नमुना कसा घेतला ते विचारा. तांबड्या पेशी नळीतही साखर खात राहतात आणि लॅक्टेट बनवत राहतात. नमुना टेबलावर पडून राहिला तर आकडा खोटा वाढतो. पांढऱ्या पेशी प्रचंड वाढलेल्या असतील, उदाहरणार्थ ल्युकेमियात, तर आणखी लवकर. म्हणून नमुना एबीजी (धमनीच्या रक्तातले वायू तपासणाऱ्या) मशीनवर लगेच लावावा, किंवा फ्लोराइड असलेल्या करड्या टोपणाच्या नळीत बर्फावर ठेवून लॅबला पाठवावा.

धमनीतले आणि शिरेतले लॅक्टेट थोडे वेगळे असते, शिरेतले सहसा किंचित जास्त. शिरेतले नॉर्मल असेल तर धमनीतले तपासायची सहसा गरज पडत नाही. शिरेतले वाढलेले असेल तर धमनीतून खात्री केलेली बरी. आणि तुलना करताना जागा, पद्धत आणि मशीन तेच ठेवावे.

१०. लॅक्टेट खाली आणायला औषध आहे का? सोडा देतात असं ऐकलं.

लॅक्टेट उतरवणे हा उपचार नव्हे. तापाची गोळी देऊन न्यूमोनिया बरा होत नाही, तसेच हे. गळू असेल तर त्याचा निचरा, रक्तस्राव असेल तर तो थांबवणे, हृदय कमजोर असेल तर त्याला आधार, संसर्ग असेल तर अँटिबायोटिक. हे साधले की आकडा स्वतःहून उतरतो.

सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. त्याने रक्ताची आम्लता तात्पुरती कमी होते, मूळ कारण तसेच राहते. सेप्सिसमध्ये रक्ताचा पीएच (आम्लतेचे माप; तो जितका कमी तितकी आम्लता जास्त) ७.२ च्या वर असेल तर केवळ लॅक्टेटसाठी ते देऊ नये असे मार्गदर्शक तत्त्वे सुचवतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बायकार-आयसीयू चाचणीत पीएच ७.२० किंवा कमी असलेल्या सगळ्या पेशंटचा एकत्र विचार करता फायदा सिद्ध झाला नाही. पण ज्यांची मूत्रपिंडे बऱ्यापैकी बिघडली होती त्यांच्यात फायदा दिसला, आणि आज अशाच पेशंटमध्ये त्याचा विचार होतो.

११. लॅक्टेट उतरत नसेल तर आणखी सलाइन द्यायचं ना?

हा प्रश्न ज्युनिअर डॉक्टरांचा, आणि इथेच सर्वांत जास्त नुकसान होताना दिसते. सेप्सिसच्या सुरुवातीला बीपी कमी असेल किंवा लॅक्टेट ४ च्या वर असेल तर पहिल्या ३ तासांत किलोमागे ३० मिलिलिटर द्रव द्यावे, ही शिफारस प्रसिद्ध आहे. तिचा अर्थ आकडा २ होईपर्यंत बाटल्या लावत राहाव्यात असा नाही. लॅक्टेट अ‍ॅड्रिनलिनमुळे किंवा यकृतामुळे अडून बसले असेल तर सलाइनने ते उतरणार नाही. फुप्फुसात पाणी मात्र साचेल.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अँड्रोमेडा-शॉक चाचणीने हा मुद्दा पुढे आणला. दक्षिण अमेरिकेतल्या पाच देशांतले सेप्टिक शॉकचे ४२४ पेशंट. एका गटात लॅक्टेट उतरवणे हे लक्ष्य. दुसऱ्या गटात बोटाचे टोक दाबून सोडल्यावर रंग किती सेकंदांत परततो, ते लक्ष्य. २८ दिवसांत लॅक्टेटच्या गटात ४३.४ टक्के आणि बोटाच्या गटात ३४.९ टक्के मृत्यू झाले. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर थोडक्यात हुकला. तरीही काहीही खर्च नसलेली, दर अर्ध्या तासाला करता येणारी तपासणी लॅक्टेटच्या बरोबरीने उभी राहिली, ही मोठी गोष्ट. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय सेप्सिस मार्गदर्शक तत्त्वांनीही तिला जोडीला घेतले आहे. माझे मत: सलाइनची पुढची बाटली लावण्याआधी पेशंटचा हात हातात घ्या.

१२. रिंगर लॅक्टेट दिल्याने लॅक्टेट वाढत नाही का?

नेहमीच्या प्रमाणात दिले तर फारसे नाही. त्यातले लॅक्टेट सोडियमच्या क्षाराच्या रूपात असते आणि यकृत ते वापरून टाकते. फार मोठ्या प्रमाणात, वेगाने, आणि यकृत निकामी असताना दिले तर आकडा थोडा चढू शकतो. ज्या नळीतून ते चालू आहे त्याच नळीतून नमुना घेतला तर रिपोर्ट अर्थातच फसवा येईल.

१३. आईला डायबेटिस आहे, मेटफॉर्मिन चालू होतं. लॅक्टेट त्यामुळे वाढलं का?

शक्यता आहे, पण आधी बाकीची कारणे तपासावी लागतात. मूत्रपिंडे ठीक असताना, योग्य डोसमध्ये मेटफॉर्मिनने गंभीर लॅक्टिक अ‍ॅसिडोसिस (लॅक्टेट वाढून रक्ताची आम्लता वाढणे) होणे दुर्मिळ आहे. त्याचे जुने भावंड फेनफॉर्मिन याच कारणासाठी १९७० च्या दशकात अनेक देशांत बंद झाले आणि त्याची भीती मेटफॉर्मिनला चिकटली. खरा धोका जुलाब-उलट्यांनी किंवा संसर्गाने मूत्रपिंडे अचानक थकली आणि गोळी चालूच राहिली, तर असतो. औषध शरीरात साचते. लॅक्टेट २० च्या वर किंवा पीएच ७.० पर्यंत खाली गेले तर डायलिसिसची शिफारस आहे. डायलिसिस औषध आणि आम्ल दोन्ही काढत असल्याने, आकडा भयंकर असूनही यातले अनेक पेशंट वाचतात. आकड्याइतकेच कारणाला महत्त्व का, ते इथे दिसते.

१४. शॉक नाही, इन्फेक्शन नाही, तरी लॅक्टेट वाढलेलं. आणखी कशाने होतं?

एक नेहमीचे कारण दम्याचे औषध. सालब्युटामॉलची वाफ वारंवार दिली की लॅक्टेट चढते, पेशंट जोरजोरात श्वास घेऊ लागतो आणि दमा बिघडला असे वाटून आणखी डोस दिले जातात. अ‍ॅड्रिनलिनचे ड्रिपही असेच करते. मोठी फिट येऊन गेल्यावर आकडा १० च्या वर दिसू शकतो आणि फिट थांबल्यावर एक-दोन तासांत झपाट्याने उतरतो. लिनेझोलिड हे अँटिबायोटिक दीर्घकाळ चालू असणे, प्रोपोफॉल हे भुलीचे औषध मोठ्या डोसमध्ये बराच काळ देणे, एचआयव्हीची काही जुनी औषधे, कार्बन मोनॉक्साइड आणि सायनाइडची विषबाधा, लिंफोमा-ल्युकेमियासारखे वेगाने वाढणारे कॅन्सर, ही बाकीची कारणे.

एक कारण मात्र वेगळे काढून सांगायला हवे: थायमिनची, म्हणजे जीवनसत्त्व ब-१ ची कमतरता. पायरुव्हेटला पुढच्या टप्प्यात नेणाऱ्या एंझाइमला थायमिन लागते. ते नसेल तर सगळे लॅक्टेटकडे वळते. १९९७ मध्ये अमेरिकेत शिरेतून द्यायच्या जीवनसत्त्वांचा तुटवडा झाला, तेव्हा शिरेतून पूर्ण पोषण घेणाऱ्या पेशंटना असाच अ‍ॅसिडोसिस झाला होता. दीर्घकाळ उपास, सततच्या उलट्या, दारूचे व्यसन, नुसत्या ग्लुकोजच्या बाटल्या असा इतिहास असेल तर थायमिन द्यायला रिपोर्टची वाट पाहू नये. काही तासांत आकडा पडतो.

१५. सिऱ्होसिस (यकृतावर कायमचे व्रण) असलेल्या पेशंटमध्ये या आकड्याला अर्थ उरतो का?

उरतो. स्थिर सिऱ्होसिसमध्ये लॅक्टेट सहसा नॉर्मल किंवा किंचित वर असते. त्यामुळे '५ आहे, लिव्हरमुळे असेल' असे म्हणून सोडून देऊ नये. संसर्ग किंवा रक्तस्राव शोधावा. उतार मात्र संथ असतो, त्यामुळे प्रश्न ६ मधले तासांचे हिशेब इथे जसेच्या तसे लागू करू नयेत. पॅरासिटामॉलच्या विषबाधेत यकृत निकामी झाले तर पुरेसे द्रव दिल्यानंतरही लॅक्टेट ३ च्या वर राहणे ही इतकी वाईट खूण आहे की यकृत प्रत्यारोपणाच्या सुधारित किंग्ज कॉलेज निकषांत तिचा समावेश आहे.

१६. लहान मुलांना हेच आकडे लागू होतात का?

पूर्णपणे नाही. नवजात बाळाचे लॅक्टेट जन्मानंतर काही तास जास्त असते आणि मग उतरते. मूल रडत, झटापट करत असताना काढलेल्या रक्तातही ते वाढलेले येते. मुलांच्या सेप्सिससाठी २०२४ मध्ये आलेल्या फीनिक्स निकषांत लॅक्टेटला गुण मिळतात ते ५ पासून पुढे, आणि ११ पासून जास्त.

१७. लॅक्टेट नॉर्मल झालं होतं, तिसऱ्या दिवशी पुन्हा ४. म्हणजे उपचार फसले?

तसे लगेच ठरवू नये, पण हा आकडा दुर्लक्षही करण्याजोगा नाही. नवा संसर्ग, आतड्याचा रक्तपुरवठा, पुन्हा रक्तस्राव, हृदयाची नवी अडचण हे क्रमाने पाहावे लागते. त्याबरोबर औषधांचा तक्ता पाहावा: अ‍ॅड्रिनलिन सुरू झाले आहे का, नेब्युलायझेशन वाढले आहे का (प्रश्न १४). पेशंट जागा आहे, लघवी होते आहे, हातपाय उबदार आहेत आणि कालच अ‍ॅड्रिनलिन सुरू झाले आहे, तर तो ४ वेगळा. पोट फुगले आहे आणि लघवी थांबली आहे, तर तोच ४ शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांना मध्यरात्री बोलावण्याइतका महत्त्वाचा.

१८. एबीजी मशीन २२ दाखवतंय आणि लॅब ३ सांगते. मशीन बिघडलंय का?

मशीन दुरुस्तीला पाठवण्याआधी विषबाधेचा विचार करा. गाडीच्या कूलंटमध्ये असणारे इथिलीन ग्लायकॉल पोटात गेले की शरीरात त्याचे ग्लायकोलेट बनते. काही एबीजी मशीनच्या सेन्सरला ते लॅक्टेटच वाटते, तर लॅबची पद्धत सहसा फसत नाही. दोन्हींतली ही तफावतच निदानाचा धागा ठरते.

याची उलट बाजूही आहे. लहान आतड्याचा मोठा भाग काढलेल्या पेशंटमध्ये आतड्यातले जंतू डी-लॅक्टेट बनवतात. नेहमीची तपासणी फक्त एल-लॅक्टेट मोजते, म्हणून रिपोर्ट नॉर्मल येतो. पिष्टमय पदार्थ भरपूर खाल्ल्यावर पेशंट गोंधळतो, अडखळत बोलतो, आणि अ‍ॅसिडोसिसचा हिशेब लागत नाही. अशा वेळी डी-लॅक्टेटची तपासणी वेगळी मागवावी लागते.

१९. लॅक्टेट १० च्या वर गेलं की उपचार थांबवतात का?

केवळ आकड्यावरून थांबवू नयेत. १० च्या वरचे लॅक्टेट अत्यंत गंभीर आहे, हे खरे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात अशा पेशंटपैकी सुमारे ७८ टक्के आयसीयूतच दगावले, आणि २४ तासांहून जास्त काळ ते तसेच राहिलेल्यांत हे प्रमाण आणखी जास्त होते. पण नुकतीच फिट येऊन गेलेला पेशंट, मेटफॉर्मिन साचलेला पेशंट, थायमिनची कमतरता असलेला पेशंट हेही १० च्या वर असू शकतात आणि घरी जाऊ शकतात. म्हणून आधी कारण शोधायचे, त्यावर उपचार करायचा, आणि पुढचे १२ ते २४ तास आकड्याची दिशा पाहायची. एवढे करूनही लॅक्टेट चढतच राहिले, बीपीची औषधे वाढतच गेली आणि एकामागून एक अवयव थकत गेले, तर डॉक्टर नातेवाइकांना शांतपणे बसवून पुढे काय करायचे ते बोलतात. त्या बोलण्यात पेशंटला स्वतःला काय हवे होते हा प्रश्न आधी यावा, आणि लॅक्टेट त्यानंतर.